जिन्यातली खिडकी संग्रहालयात नेताना

रंगीत काचेची जुनी खिडकी संग्रहालयात मांडायचं ठरलं की विश्वस्तांचा पहिला प्रश्न असतो, "ताई, कधीपर्यंत चकाचक होईल?" माझा प्रश्न वेगळा असतो: मागे दिवा कुठला लावणार आणि चौकट कशाची करणार? "ते आमचा इंटिरिअरवाला बघेल" असं उत्तर आलं की मी वही मिटते आणि आधी त्या इंटिरिअरवाल्याला गाठते. अशी खिडकी सव्वाशे पावसाळे, समुद्राचं खारं वारं आणि कबुतरं यांना पुरून उरलेली असते. तिची सगळ्यात वेगानं वाट लागताना मी पाहिली आहे ती गॅलरीत: बंद पेटीत, नको त्या लाकडाशेजारी, तापलेल्या दिव्यापुढे. म्हणून हातातल्या पैशांतले निम्मे तरी चौकट आणि प्रकाशासाठी आधीच बाजूला काढून ठेवा. काचेवर काम करायचं ते अगदी लागेल तेवढंच.

सध्या माझ्या टेबलावर मलबार हिलवरच्या एका पाडलेल्या बंगल्याच्या जिन्यातली खिडकी आहे. तीन उभ्या कमानी. मधल्या कमानीत ल्यूट (जुनं युरोपी तंतुवाद्य) वाजवणारी बाई, दोन्ही बाजूंना सूर्यफुलं. १८८० च्या आसपास इंग्लंडात घरगुती खिडक्यांची ही फॅशन होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडून मुंबईची वाट जवळची झाली, आणि विलायती काचा लाकडी पेट्यांतून इथे उतरत राहिल्या. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातली राशिचक्राची गोल खिडकी, राजाबाई टॉवर, व्हीटीचा घुमट यांच्याकडे लोक मान वर करून बघतात. घरांच्या जिन्यांतल्या खिडक्यांचं नशीब तसं नाही. बिल्डरचा माणूस घण घालायच्या आधी कुणी फोन केला तर त्या वाचतात. ही तशीच वाचलेली, एका छोट्या संग्रहालयाला दान मिळालेली. तिच्यावरच सांगते, म्हणजे हवेतलं बोलणं होणार नाही.

भिंतीतून काढण्याआधी

खिडकी जागेवर असतानाच फोटो काढा, आतून आणि बाहेरून. एक फोटो मागून येणाऱ्या उजेडात, एक समोरच्या उजेडात, एक बाजूनं तिरपा प्रकाश टाकून. पहिल्यात रंग दिसतात, दुसऱ्यात शिसं (काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या) आणि मळ, तिसऱ्यात सुटत चाललेला रंग आणि काचेवरचे ओरखडे. फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा. मोबाइल चालेल, पण ऑटो मोड बंद करा; तो निळ्याचं काहीही करतो.

आकडे टाकायची पद्धत एकदा ठरवली की बदलायची नाही. कॉर्पस व्हिट्रिआरम ही जुन्या रंगीत काचांची नोंद करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९५२ पासून काम करते. तिच्या ब्रिटिश खंडांतली रीत मी वापरते: आतून बघताना कमानींना डावीकडून उजवीकडे अक्षरं, तावदानांना, म्हणजे शिशानं जोडलेल्या काचांच्या एकेका भागाला, खालून वर आकडे. म्हणजे आमच्या बाईचा चेहरा 'ब-३' मध्ये. मग प्रत्येक तावदानावर पारदर्शक पॉलिस्टर फिल्म ठेवून बारीक मार्करनं शिशाच्या रेघा उतरवून घ्यायच्या. फूट, जुनी दुरुस्ती, गळालेला रंग, गंज, सगळं त्याच फिल्मवर वेगवेगळ्या रंगांत. कागद ठेवून काळं मेण घासायची जुनी रीत शिशासाठी छान आहे, पण रंग सुटत असेल तर ती विसरा.

उतरवताना सगळ्यात जपायचं ते वजन. ३ मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेसात किलो भरते, आणि शिसं धरलं की त्याच्या दुप्पट-तिप्पट. तावदान नेहमी उभं धरायचं. आडवं उचललं की ते ओल्या पापडासारखं मधून लवतं आणि जोड उघडतात. आडवं करायचंच असेल तर मागे पूर्ण मापाची फळी लावून, फळीसकट कलतं करायचं. आडव्या गजांना बांधलेल्या तांब्याच्या तारा कापा, गज कापू नका. गज जपून ठेवा, पुढे लागतील. दगडातल्या खाचेत भरलेला चुना हातानं, छोट्या पटाशीनं, दगडाच्या बाजूनं काढत जायचं. इथे ड्रिल मशीन घेऊन कुणी आलं तर त्याला चहा प्यायला पाठवा.

आमच्या मधल्या कमानीला पोट आलं होतं, चांगलं बोटभर. लोक म्हणतात काच वाहते, म्हणून जुनी काच खाली जाड असते. काच वाहत नाही. पूर्वी फुगवून, फिरवून ताव करायचे, त्यातच जाडी कमीजास्त यायची. सरकतं ते शिसं. गजांच्या तारा तुटल्या, आधार गेला आणि शिसं स्वतःच्याच भारानं बसत गेलं. असं पोट काढायची घाई नको. तावदान सपाट पाटावर, खाली मऊ फोम घालून, उताणं पडू द्या. ते पुष्कळसं आपणहून बसतं. हलकी वजनं ठेवून थोडं आणखी बसतं. उरलेलं पोट राहू द्या. संग्रहालयात त्याच्यावर वारा येणार नाही.

आधी स्वतःचं बघा

शिशावरची पांढरी पूड म्हणजे शिशाचा कार्बोनेट, जुन्या रंगाऱ्यांचा सफेदा. विष आहे. नायट्राइल हातमोजे, कणांसाठीचा चांगला मास्क, कामाचे वेगळे कपडे; टेबलावर चहा नाही, खाणं नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं किंवा अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरायचा. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या खोलीत येणार नाहीत. रोज काम करत असाल तर रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या. तपासणी साधी आहे, लॅबमध्ये विचारा. काढलेल्या शिशाचा एकेक नमुना चिठ्ठी लावून ठेवायचा. उरलेलं भंगारवाल्याकडे जाता कामा नये. ते कुणाच्या तरी चुलीवर वितळतं.

हा रंग कुठला?

सफाईच्या आधी हे कळलंच पाहिजे. काचेचा अंगचा रंग, म्हणजे कोबाल्टचा निळा, लोखंडाचा हिरवा, हा काचेतच विरघळलेला असतो, तो पुसून जात नाही. लाल बहुधा पातळ थराचा असतो: साध्या काचेवर तांब्याच्या लाल काचेचा पापुद्रा. कडेनं बघितलं की दोन थर दिसतात. सोनेरी-पिवळा हा चांदीचा डाग. चांदीचं मिश्रण लावून भाजलं की काच पिवळी होते. चौदाव्या शतकापासूनची युक्ती आहे ही, आणि तो डाग बहुतेक वेळा काचेच्या बाहेरच्या अंगाला असतो. सूर्यफुलांच्या पाकळ्या अशाच आहेत. म्हणून 'मागची बाजू काय, घासा बिनधास्त' असं म्हणणाऱ्या माणसाला जवळ येऊ देऊ नका.

काळ्या-तपकिरी रेघा आणि सावल्या म्हणजे काचेची पूड आणि लोखंडाची किंवा तांब्याची भस्मं यांचा लेप, साधारण ६०० अंशांच्या वर भाजलेला. नीट भाजला असेल तर शतकानुशतकं राहतो. कधी कधी वर न भाजलेला तैलरंगही असतो, नंतरच्या दुरुस्तीतला. तो साध्या अल्कोहोलनंही निघून येतो. तेव्हा शिशाच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ओलसर कापसाची काडी फिरवून बघा. काडीवर तपकिरी आलं तर तिथेच थांबा, भिंग घ्या.

सफाई: थोडी कमीच

आधी कोरडी. मऊ कुंचला, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, तिच्या तोंडाला जाळीचं कापड. तुकडा सुटलाच तर जाळीवर सापडतो. एवढ्यानंच अर्धं काम होतं. मग विआयनीकृत (क्षार काढलेलं) पाणी; बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते घेऊ नका, प्रयोगशाळेचं घ्या. कापसाची काडी ओलसर करून, पिळून, एका वेळी एक काच. तेलकट काजळी असेल तर पाणी आणि इथेनॉल निम्मंनिम्मं. काडी घासायची नाही, लोळवायची. बादली, स्पंज, वाहतं पाणी काहीच नको. पाणी शिशाच्या खोबणीत शिरतं आणि तिथे आठवडाभर बसून राहतं.

ॲसिड नको, अमोनिया नको, भांड्यांचा साबण नको, तारेचा काथ्या तर नकोच. कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडली तर खाली चरे पडतात. ओलसर टिपकागदाचा तुकडा ठेवून ती मऊ होऊ द्या, मग लाकडी काडीनं उचला. रंगाऱ्यांनी उडवलेले ऑइल पेंटचे थेंब भिंगाखाली शस्त्रक्रियेच्या पात्यानं, पातं जवळजवळ आडवं धरून काढायचे. हे करताना रेडिओ लावा, घाई होत नाही.

या खिडकीच्या मागच्या अंगाला तपकिरी कागदाचे चिकट तुकडे होते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला वाटलं जुनी पुट्टी असेल. आमच्या मिस्त्रींनी लांबूनच ओळखलं: १९७१ च्या युद्धातला ब्लॅकआउट. तेव्हा मुंबईत घराघरांतल्या काचांवर काळे-तपकिरी कागद खळीनं चिकटवले होते, आणि ते मिस्त्री तेव्हा शाळकरी पोर होते, स्वतः चिकटवलेत त्यांनी. खळ पिठाची, म्हणून पाण्यानं फुगते. ओलसर टिपकागद, वर पॉलिस्टर फिल्म, थोडा वेळ, की कागद सुटतो. पण सगळा काढायचा नाही. एका सूर्यफुलाखाली बोटभर तुकडा आम्ही राहू दिला आहे. बाईंना गाणं वाजवताना युद्धही दिसलंय, याचा तेवढाच पुरावा.

बाईचा चेहरा

आता खरी कुरबुर. बाईच्या चेहऱ्यावर डोळे नाहीत. नाकाची एक रेघ, हनुवटीखाली थोडी सावली, केसांचे लोट शाबूत. डोळे आणि ओठ पुसट. हे कुणी घासून घालवलेलं नाही. १८६०-७० च्या दशकांत कित्येक इंग्रजी कारखान्यांनी रंग कमी उष्णतेत भाजला जावा म्हणून त्यात टाकणखार (बोरॅक्स) मिसळला. टाकणखारानं रंग लवकर वितळला खरा, पण ओलाव्यापुढे टिकला नाही. इंग्लंडातल्या किती तरी चर्चमध्ये त्या काळातले संत असेच बिनचेहऱ्याचे झाले आहेत. आपल्याकडचा दमटपणा तर विचारू नका.

विश्वस्तांचं म्हणणं, "एखादा जे.जे.चा मुलगा बोलवा, डोळे काढून देईल, पाहुण्यांना बरं वाटेल." मूळ काचेवर नवा रंग लावून भाजणं हा पर्याय नाहीच. जुनी काच भट्टीत तडकते, आणि उरलेला जुना रंग पुन्हा वितळून बदलतो. न भाजता वर रंगवणं म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांच्या कागदपत्रावर पेनानं सही करणं. मी ठाम नाही म्हणते.

मग करायचं काय? पहिलं काम, जे उरलंय ते धरून ठेवणं. सुटत चाललेल्या खपल्यांखाली पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन, द्रावकात अगदी पातळ, शंभराला दोन-तीन भाग, अशा प्रमाणात, सूक्ष्मदर्शकाखाली, तीन केसांच्या कुंचल्यानं सोडायचं. थेंब आपोआप फटीत ओढला जातो. सगळ्या काचेवर लेप द्यायचा नाही. चमक येते आणि धूळ धरते. हे रेझिन ॲसिटोननं पुन्हा काढता येतं, म्हणून जगभरच्या संग्रहालयांत चालतं. त्याचा एक दुर्गुण लक्षात ठेवा: सुमारे ४० अंशांना ते नरम पडू लागतं. दिव्याशी गाठ पडेल तेव्हा हा आकडा पुन्हा काढू.

दुसरं, हरवलेल्या रेघा शोधणं. खोलीत अंधार करून टॉर्च काचेच्या अगदी कडेला, जवळजवळ समांतर धरा. जिथे रंग होता तिथली काच कमी झिजलेली असते, म्हणून रेघांच्या सावल्या दिसतात. आमच्या बाईच्या डाव्या डोळ्याची पापणी पूर्ण सापडली, उजव्या डोळ्याची अर्धी, ओठांचं एक टोक. मिळालं तेवढंच फिल्मवर उतरवलं.

तिसरं, हवं असेल तरच, मागची जोड-काच. मूळ तुकड्याच्या आकाराची पातळ, बिनरंगी काच कापायची, तिच्यावर फक्त पुराव्यानं सापडलेल्या रेघा रंगवून भाजायच्या, आणि ती मूळ काचेमागे किंचित अंतर ठेवून, सुटी काढता येईल अशी बसवायची. कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल आणि 'नवी' असं खरवडायचं. समोरून बघणाऱ्याला चेहरा भेटतो, मूळ काचेला कुणी हात लावलेला नसतो, आणि उद्या कुणाला पटलं नाही तर ती काच काढून कपाटात ठेवता येते. अर्ध्या डोळ्याचं मात्र आम्ही अर्धंच ठेवलं. यावर एका विश्वस्तांनी माझ्याशी बराच वाद घातला. अर्धा डोळा विचित्र दिसतो हे मलाही मान्य आहे. पण उरलेला अर्धा माझ्या मनचा असता, आणि मी काही १८८० च्या कारखान्यातली चितारी नाही.

फुटलेलं आणि निखळलेलं

चर्चमध्ये खिडकी परत बसवायची असेल तर वारा-पाऊस सोसणारी दुरुस्ती लागते. संग्रहालयात तेवढा जोर पडत नाही, म्हणून हात हलका ठेवता येतो. फुटलेल्या काचेच्या कडा जोडायला एचएक्सटॅल एनवायएल-१ हे इपॉक्सी मला सगळ्यात आवडतं. पाण्यासारखं पातळ, प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुण साध्या काचेच्या जवळपास, म्हणून सांधा नाहीसा होतो. आणि पिवळं पडायला बराच काळ लागतो. सुकायला आठवडा घेतं. घाई असेल तर ॲरल्डाइट २०२० दिवसभरात धरतं. नाक्यावरच्या दुकानातलं दोन नळ्यांचं इपॉक्सी मात्र नको. ते मधाच्या रंगाचं होतं. कडांना आधी पॅरालॉइडचा पातळ हात द्या, म्हणजे पुढे कधी सांधा उकलायची वेळ आली तर उकलेल. कडा कोरड्या जुळवून, चिकटपट्टीच्या तुकड्यांनी धरून, मग थेंब फटीवर ठेवायचा. तो स्वतः आत जातो.

जुन्या मिस्त्र्यांनी फुटीवर शिशाची पट्टी घालून काच धरलेली असते. ती पट्टी बाईच्या हातावरून गेली असेल आणि चित्र वाचता येत नसेल तरच काढा. नाही तर तीही इतिहासच. आमच्या खिडकीत एका सूर्यफुलाच्या जागी कुणी तरी दाणेदार नक्षीची, न्हाणीघराच्या दाराला लावतात तसली काच बसवली आहे. राहू दिली. पाटीवर तसं लिहिणार आहोत.

शिसं सगळं नवं घालायचा मोह आवरा. 'रि-लेडिंग' असं कोटेशन देणारे पुष्कळ आहेत, आणि ते भरघोस देतात. जुन्या पट्टीची जाडी, तिचा गोलवा, तिच्यावरच्या ओढकामाच्या खुणा एकदा वितळल्या की गेल्या. तडकलेला जोड तेवढा डाखायचा. जागा तांब्याच्या ब्रशनं हलकी साफ करा, डाख नीट धरावा म्हणून स्टिअरिनची (मेणासारखी) कांडी फिरवा, कथील ६० आणि शिसं ४० असा डाख घ्या. तो १९० अंशांच्या आतच पातळ होतो आणि शिसं वितळतं ३२७ ला, पण डाखायच्या आयर्नचं तापमान बांधता येत नसेल तर हे अंतर पुरत नाही: टोक क्षणभर जास्त टेकलं की पट्टीला भोक. रेडिएटरवाल्याकडचं ॲसिड वापरू नका. त्यातला क्लोराइड मागे राहतो आणि शिसं खात बसतो.

काच आणि शिसं यांमधल्या फटीतलं जुनं लुकण (पुट्टी) घट्ट असेल तर तसंच ठेवा. गॅलरीत पाऊस येत नाही. नवं जवसाच्या तेलाचं लुकण भरायचं कारणच नाही, आणि ते तेल सुकताना जी आम्ल वाफ सोडतं ती शिशाला नको असते.

चौकट

याच वाफेचं पुढचं. सफेदा बनवायची जुनी डच रीत अशी होती: शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवायच्या, भोवती शेणखताची ऊब द्यायची, आणि काही आठवड्यांनी शिशाचा सफेदा होऊन जायचा. व्हिनेगर म्हणजे ॲसेटिक ॲसिड, आणि ते लाकूडही सोडतं. ओक सगळ्यात वाईट. प्लाय आणि एमडीएफही तेच करतात, वर फॉर्माल्डिहाइड घालून. बंद पेटीत तावदान आणि नवा प्लाय शेजारी ठेवला, तर आपण सफेद्याचा कारखानाच उघडला. 'साग आहे, उत्तम आहे' असं सुतार सांगतो. घराच्या दाराला उत्तम. बंद पेटीत शिशाशेजारी मी सागही घालत नाही.

चौकट ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची करा. पावडर कोटिंग असेल तर भट्टीत पूर्ण पक्कं झालेलं, आणि पेटीत जाण्यापूर्वी काही आठवडे हवा खाल्लेलं. फटी बुजवायला सिलिकॉन लागलं तर नळी उघडून वास घ्या: व्हिनेगरचा वास आला तर ती परत करा, 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेली आणा. खाली टेकायला पॉलिएथिलीन फोमच्या पट्ट्या. काळं रबर, निओप्रीन नको. कुठलाही नवा माल, कापड, गोंद, रंग, याबद्दल शंका असेल तर ऑडी चाचणी करून घ्या. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये ही बसवली: मालाचा तुकडा आणि चांदी, तांबं, शिसं यांचे चकचकीत पत्रे एका बंद काचनळीत, थोड्या पाण्यासह, ६० अंशांवर २८ दिवस. शिशाचा पत्रा पांढरा झाला तर तो माल नको. यासाठी लागतं ते ओव्हन आणि धीर. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला विचारलंत तर दोन्ही मिळेल.

एकावर एक तावदानं रचून सगळा भार खालच्यावर टाकू नका. प्रत्येक तावदानाखाली टी-आकाराची आडवी पट्टी, भिंतीत किंवा उभ्या खांबांत अडकवलेली, म्हणजे ज्याचा त्याचा भार तिथल्या तिथे उतरतो. मूळ गज इथे कामी येतात. ते गंज काढून, मेण लावून पूर्वीच्याच जागी लावले आणि तांब्याच्या तारांनी बांधले, की पोटही पुन्हा येत नाही आणि खिडकी खिडकीसारखी दिसते. मधल्या एकाच तावदानाला वेगळं काढता येईल अशी सोय ठेवा. जोड-काच बदलायची वेळ आली तर सगळी खिडकी उतरवावी लागू नये.

दिवा

खऱ्या खिडकीतल्या उजेडाची सर कशालाच नाही. ढग आला की बाई हलते. पण गॅलरीला उत्तरेचा मोकळा उजेड मिळतोच असं नाही, म्हणून बहुतेकांना लाईट बॉक्सच करावा लागतो.

एलइडी पट्ट्या, पांढरा दुधी ॲक्रिलिकचा पडदा, मग मोकळी जागा, मग काच. दोन एलइडींमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढं अंतर पट्टी आणि पडद्यामध्ये ठेवा, नाही तर बाईच्या कपाळावर ठिपके उमटतात. पडदा काचेला टेकता कामा नये. हात आत जाईल इतकी फट असली की हवा खेळते आणि खोलीचा भासही येतो. रंग दाखवण्याचा निर्देशांक, सीआरआय, ९० च्या वरचा मागा. २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पिवळ्या दिव्यात निळी काच मरते. ५००० च्या आसपास रंग खरे दिसतात. निळा प्रकाशात पसरतो, शेजारच्या रेघा खातो, लाल मागे सरतो. म्हणून प्रखरता वाढवत नेली की चित्र सुधारत नाही, विरघळतं. डिमर घ्याच. ठरवायला एकट्यानं बसू नका. मी मिस्त्रींना आणि संग्रहालयाच्या शिपायांना उभं करते, आणि "आता तिच्या बांगड्या दिसतात का?" असं विचारते. दिसल्या की थांबायचं.

काचेच्या कडेनं पांढरा उजेड फुटू देऊ नका. बोटभर पांढरी फट सगळे रंग फिके पाडते, कारण डोळा त्या फटीशी जुळवून घेतो. काळ्या पत्र्यानं चारी बाजू बुजवा. समोरून मात्र थोडा मंद उजेड असू द्या, म्हणजे शिशाचं काम, पोट, ब्लॅकआउटचा कागद हे सगळंही बघता येईल.

आणि उष्णता. एलइडी गार असतात हे अर्धसत्य आहे. पट्टीचं पाठचं अंग आणि ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) चांगलेच तापतात. ड्रायव्हर पेटीच्या बाहेर. पेटीला खाली आणि वर झरोके, त्यांना धुळीची जाळी. मग प्रदर्शन उघडण्याआधी एक दिवस एसी बंद ठेवून, दिवे लावून, काच आणि पडदा यांच्यामध्ये थर्मामीटर टांगा, शक्यतो मे महिन्यात. एका गॅलरीत असा थर्मामीटर दुपारी ४५ च्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. मघाचे ४० अंश आठवा: रंगाच्या खपल्या ज्यानं धरल्या आहेत तेच नरम पडलं. मर्यादा ४० च्या बरीच खाली ठेवा. तेवढ्यात बसत नसेल तर पट्ट्या कमी करा, पंखा लावा किंवा माणूस समोर आल्यावरच उजळणारा सेन्सर बसवा.

एसीचा दुसरा उपद्रव रात्रीचा. पावसाळ्यात दिवसभर गार ठेवलेली गॅलरी संध्याकाळी बंद केली, दारं उघडली, आणि दमट हवा आत आली की गार काचेवर दव धरतं. टाकणखाराच्या रंगाला पाणी हाच तर शत्रू. एसी चोवीस तास परवडत नसेल तर तो लावूच नका. पंखे, झाकलेल्या खिडक्या आणि हवेतला ओलावा काढणारा एक डिह्युमिडिफायर यांनी सापेक्ष आर्द्रता ५० च्या आसपास, निदान एकसारखी राहिली तर ते जास्त भलं. डेटा लॉगर (तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारं यंत्र) पेटीच्या आत ठेवा, क्युरेटरच्या टेबलावर नको.

मांडल्यावर

उंची: ही खिडकी जिना चढताना खालून बघायची होती, म्हणून तिचा तळ कमरेच्या वर राहू द्या. पाटीवर दुरुस्ती लपवू नका: कुठली काच नवी, कुठली न्हाणीघराची, डोळा अर्धा का.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मऊ कुंचल्यानं धूळ आणि टॉर्चनं तपासणी. शिशाच्या कोपऱ्यात नवी पांढरी पूड दिसली तर पेटीतल्या कुठल्या तरी मालावर संशय घ्या आणि तो शोधून काढेपर्यंत पेटीचं दार उघडं ठेवा. पहिल्या दिवशीचे फोटो छापून फाइलला लावा. तुलना त्यांच्याशीच करायची, आठवणीशी नाही.

पेटीच्या मागच्या दारावर आतून एक कागद चिकटवा, मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत. त्यावर ड्रायव्हर कुठे आहे, कुठलं तावदान सुटं निघतं, आणि कुणाला फोन करायचा. सफाईच्या मावशींना तो कागद वाचून दाखवा आणि निळ्या काच-स्प्रेची बाटली या खोलीत आणायची नाही हे त्यांनाच ठरवू द्या. आमच्याकडच्या मावशी आता पाहुण्यांनाही पेटीला हात लावू देत नाहीत, विश्वस्तांनाही नाही.